हात घरातच ठेव

बंडोपंत सरोदकर टाइपरायटरवर बसले की खाली बघत नसत, आणि त्यांच्या हातून काही चुकलं तर ते कुणाजवळ कबूल करत नसत. पहिल्या गुणाची कीर्ती सगळ्या वर्ध्यात होती. दुसऱ्याची पुरती ओळख फक्त त्यांच्या बायकोला, इंदिराबाईंना होती. "ह्यांच्या हातून चूक होतच नाही, चूकच आपली येऊन ह्यांच्या हाताखाली बसते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि बंडोपंत पेपरात तोंड घालून ऐकलं न ऐकल्यासारखं करत.

माणूस मात्र कामाचा. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण सर्व्हिस बुकात एक वाकडा शेरा नाही. येत्या मार्चअखेर निवृत्ती होती आणि ते कोरं सर्व्हिस बुक घेऊन घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. शेवटची नेमणूक वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेच्या ऑफिसात झाली. एका नव्या तलावाखाली सात गावं जाणार होती, त्या गावच्या लोकांना नव्या जागी प्लॉट द्यायचं ते ऑफिस. भाड्याचा बंगला, पुढे कडुनिंब, आणि व्हरांड्यात सकाळपासून त्या सात गावांतली माणसं बसलेली.

संध्याकाळी सिंदी मेघेला स्वतःच्या घरी, पुढच्या खोलीत, बंडोपंतांचा टायपिंगचा क्लास चाले. सहा रेमिंग्टन यंत्रं आणि एक लाकडी पट्टी, एवढं भांडवल. नव्या मुलाला ते पहिल्या दिवशी एकच धडा देत. "डाव्या हाताची चार बोटं ए-एस-डी-एफवर, उजव्याची जे-के-एल अन् सेमीकोलनवर. हे बोटांचं घर. बोट बाहेर जाते, अक्षर मारते, परत घरी येते. पंजा हलला की टायपिस्ट मेला. हात घरातच ठेव." पंजा उचललेला दिसला की पट्टी बसे. हळूच बसे, पण बसे. आज कचेऱ्यांतून मान वर करून काम करणारी निम्मी माणसं त्या पट्टीखालून गेलेली होती.

त्या सगळ्यांत सरस निघाली ती नलू भोयर. आर्वीजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची पोर. कॉलेज सुटलं की दोन तास क्लासात काढायची आणि शेवटच्या एसटीनं परत जायची. तिची आई रुख्माबाई कापूस वेचण्यात गावात पहिली. दोन्ही हात एकदम चालायचे आणि नजर पुढच्या बोंडावर असायची. पोरीच्या बोटांत ते आलेलं होतं. चार महिन्यांत तिनं मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग गाठला, तेव्हा बंडोपंतांनी तिला शाबासकी दिली नाही. नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्या "हं"ची किंमत ज्यांना ठाऊक होती ती मुलं तिच्याकडे बघतच राहिली.

पुढं त्यांनीच शब्द टाकून तिला ऑफिसात रोजंदारीवर लावून घेतलं. दोन वर्षं झाली होती. कायम करण्याचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर होता, आणि तो मंजूर होणार असं सगळे म्हणत होते.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात ऑफिसात कॉम्प्युटर आला. बंगल्याच्या मागच्या खोलीला काचेचं दार बसलं, थंड हवेचं यंत्र बसलं, आणि चपला बाहेर काढायची पाटी लागली. एवढा मान साहेबांच्या खोलीलाही नव्हता. बंडोपंतांनी दारातूनच एक नजर टाकली. "टीव्हीले टाइपरायटर जोडला, झालं," असं म्हणून ते आपल्या रेमिंग्टनकडे परतले. कायम नोकरीतल्या एकाही कारकुनाला त्या यंत्राला हात लावायची हिंमत होईना. बिघडलं तर शेरा कुणी घ्यायचा? कोल्हे साहेबांनी नलूला पुढं केलं. रोजंदारीच्या माणसाला सर्व्हिस बुकच नसतं, त्यामुळे शेऱ्याची भीती नाही, असा सरकारी हिशेब.

शिकवायला नागपूरहून कंपनीचा माणूस आला, ओमप्रकाश नावाचा. माणूस चांगला, पण घाईचा. तीन तास शिकवलं. कीबोर्डाच्या उजव्या अंगाला बाण काढलेल्या चार किया होत्या. त्या दाबल्या की पडद्यावरची लुकलुकणारी रेघ वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरके. "बस मॅडम, ऍरो से चलो. बाकी ऊपर जो लिखा आता है, उसको मत देखो, फालतू है," असं सांगून तो चारच्या गाडीनं परत गेला. पुस्तकही बरोबर घेऊन गेला, कारण ते एकच होतं.

आता कुणी "बघू नका" म्हटलं की बघायचं, एवढी अक्कल खेड्यातल्या पोरीला उपजत असते. पडद्याच्या वरच्या भागात अक्षरांची एक यादी सतत उभी असे. कंट्रोल नावाची की दाबून धरायची आणि अमुक अक्षर मारायचं की तमुक होतं, असं तिथं इंग्रजीत लिहिलेलं. नलूनं ती यादी रोज थोडी थोडी एसटीच्या तिकिटांच्या पाठीवर उतरवून घेतली. आर्वी-वर्धा रोजचं जाणं-येणं, तेव्हा तिकिटांना काय तोटा!

दुपारी डबा खाऊन झाला की ती कडुनिंबाखाली बसे, रिकामा डबा मांडीवर उपडा ठेवी आणि त्याच्या बुडावर बोटं चालवी. बंडोपंतांनी दोन-चार दिवस बघितलं आणि शेवटी राहवलं नाही.

"काऊन वं नलू, तबला शिकून राह्यली काय?"

ती लाजली. "नाई सर. कंट्रोलच्या किया पाठ करून राह्यली. मशीनवर बसून आठवत बसली तर टाइम जाते."

"अन् ते बाण कायले दिले मंग त्यानं?"

"या ना सर, दाखवते."

चपला काढून, धोतराचा सोगा सावरत बंडोपंत पहिल्यांदा त्या थंड खोलीत शिरले. नलू बसली. डाव्या हाताची चार बोटं ए-एस-डी-एफवर, उजव्याची जे-के-एल अन् सेमीकोलनवर. त्यांनी शिकवलेली बैठक, तसूभर इकडे-तिकडे नाही. पडद्यावर एक लांबलचक यादी होती. आणि मग ती रेघ पळायला लागली. वर गेली, खाली आली, शब्दाशब्दावरून उड्या मारत ओळीच्या टोकाला पोचली. एक आख्खी ओळ नाहीशी झाली. चार ओळी उचलल्या गेल्या आणि दहा ओळी खाली जाऊन बसल्या. बंडोपंतांनी पडद्यावरून नजर काढून तिच्या हातांकडे बघितलं, आणि बघतच राहिले. पंजे जागचे हलले नव्हते.

"हे पाहा सर. कंट्रोल ए-च्या बाजूलेच हाये, डाव्या करंगळीखाली. करंगळीनं धरून ठेवाचं. मंग ई मारला की वर, एक्स मारला की खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. चारही अक्षरं डाव्या हाताच्या घरातली, नाई तं घराच्या उंबरठ्यावरची. बाणासाठी पंजा उचलून तिकडं न्याव लागते. अन् तुमी तं सांगतलं होतं..."

"पंजा हलला की टायपिस्ट मेला," बंडोपंत पुटपुटले.

"मले वाटते सर, हे ज्यानं बनवलं ना, तो तुमच्यासारख्याच कोन्या सराच्या हाताखालून गेलेला असन."

चौतीस वर्षं आपण जे पट्टी मारून सांगत आलो ते कुठल्या दूरदेशच्या माणसालाही कळलं होतं, आणि ते ह्या पोरीनं कुणी न सांगता हुडकून काढलं होतं. ज्या यंत्राला आपण आपला वैरी समजत होतो ते आपल्याच घराण्यातलं निघालं. हे सगळं त्यांना बोलून दाखवायचं होतं. पण ते म्हणाले, "हं." फक्त नेहमीपेक्षा जरा लांब म्हणाले.

ह्या नव्या आदरातूनच पुढची भानगड झाली.

खांडेनवमीला आपल्याकडे ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. शेतकरी नांगर-वखर पुजतो, सुतार करवत पुजतो, आणि बंडोपंत चौतीस वर्षं रेमिंग्टन पुजत आले होते. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. नारळाचं पाणी यंत्राच्या पायाशी चार थेंब सोडायचं, ही त्यांची पद्धत. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, कॉम्प्युटर का उपाशी ठेवायचा? नलूला घरची औतं पुजायला लवकर जायचं होतं. खोलीची किल्ली तिच्या नावावर होती. ती त्यांच्या हातात देऊन नलू म्हणाली, "सर, पूजा झाली की कुलूप लावजा. अन् नारळ बाहेरच फोडजा." आणि तीनच्या एसटीनं गेली.

नारळ बाहेरच फोडायचा हे बंडोपंतांना कळत होतं. पण देवापुढं फोडायचा नारळ दाराबाहेर चपलांपाशी फोडायचा, हे मनाला पटेना. त्यांनी फरशीवर कपडा टाकला, नारळ हाणला, तो वेडावाकडा फुटला, आणि दोन्ही हातांत शकलं धरून ते पाण्याचे चार थेंब सोडायला वाकले. चार थेंब कसले! अर्धी वाटी पाणी भळकन कीबोर्डाच्या उजव्या अंगावर सांडलं, आणि वर लावलेलं कुंकू त्यात विरघळून खाली शिरलं. बंडोपंतांनी घाईघाईनं उपरण्यानं पुसलं. यंत्र बंद होतं. दारात कुणी नव्हतं. "पाणीच ते, वाळन," असं स्वतःला सांगून त्यांनी वर एक झेंडू ठेवला आणि कुलूप लावलं. दसऱ्याचं सोनं वाटतानाही त्यांनी हा विषय काढला नाही.

शुक्रवारी ऑफिस उघडलं ते गडबडीतच. सात गावांची माणसं महिनाभर एकच मागणी लावून बसली होती. नव्या गावात प्लॉट कुठंही द्या, पण शेजार तोडू नका, जी घरं आज भिंतीला भिंत लावून आहेत ती तिथंही लागून असू द्या. वरून मंजुरी आली होती. सोमवारी अकरा वाजता चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. म्हणजे अकराशे चाळीस कुटुंबांची यादी, जी कॉम्प्युटरात आजवर नावांच्या क्रमानं होती, ती आता गल्लीतल्या घरांच्या क्रमानं लावायची. रेमिंग्टनवर चाळीस पानं, सहा रकाने, सात गावांच्या सात प्रती. बंडोपंतांनी मनातल्या मनात हिशेब केला. दोन दिवसांत ते होणं नव्हतं. साहेबांनी सकाळीच ओमप्रकाशला नागपूरहून बोलावून घेतलं होतं.

ओमप्रकाश खुर्चीवर बसला. बाण दाबला, रेघ हलेना. दुसरा दाबला, नाही. बाकीची अक्षरं उमटत होती, पण उजव्या अंगाच्या बाणांच्या किया पार मेलेल्या. त्यानं कीबोर्ड उपडा करून खोलला. आत लालसर, चिकट थर वाळून बसला होता. त्यानं बोट लावून वास घेतला.

"साहब, इसमें किसीने नारियल का पानी डाला है।"

कोल्हे साहेबांचा चेहरा लाल झाला. सज्जन माणूस, पण सोमवार डोक्यावर होता. "खोलीची किल्ली कुणाकडे होती?"

दारात बंडोपंत उभे होते. त्यांना बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. पण चौतीस वर्षांची सवय आडवी आली आणि शब्द तयार होईपर्यंत नलू बोलून मोकळी झाली.

"माझ्याकडे होती साहेब. मीच पूजा केली."

"अक्कल आहे का? यंत्र आहे का देवघर?" साहेब ओरडले. "तुझा प्रस्ताव टेबलावर आहे म्हणून डोक्यावर बसलीस का? सोमवारचं काम झालं की यायचं नाही. तसा अहवाल जाईल माझा."

तिनं मान खाली घातली. बंडोपंतांकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित त्यांचं तोंड उघडलं असतं. माणूस दुसऱ्याला केवढी सूट देतो, आणि घेणारा ती मुकाट्यानं घेतो! बंडोपंतांनी घेतली, आणि त्यांना त्याच क्षणी स्वतःची शिसारी आली.

ओमप्रकाशनं हात झटकले. नवा कीबोर्ड मुंबईहून यायला आठ दिवस. "ऍरो के बिना एक लाइन भी इधर से उधर नहीं होगी, साहब।"

"होते," नलू म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "साहेब, बाण मी वापरतच नाही. मले दोन दिवस बसू द्या. कोनीतरी फक्त गल्लीचा कागद वाचून दाखवाले पायजे."

"मी वाचतो," बंडोपंत म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

शनिवारी सकाळी आठला दोघं बसली. बंडोपंतांच्या हातात तलाठ्यानं काढलेले गल्ल्यांचे कागद. "हरिदास चौधरी, तीनशे बारा नंबर. हा जातो आनंदाबाई लोणकरच्या खाली." नलूची करंगळी कंट्रोलवर बसे. क्यू-एफ मारून नंबर टाकला की रेघ थेट हरिदास चौधरीवर. के-बीनं ओळीचं तोंड धरायचं, के-केनं शेवट धरायचा, पुन्हा क्यू-एफनं आनंदाबाईचं घर गाठायचं, आणि के-व्ही मारलं की हरिदास आपल्या शेजारणीच्या खाली येऊन बसे. बंडोपंतांचं वाक्य संपेपर्यंत हरिदास पोचलेला असे. पहिल्या गावाला त्यांना वाटलं, आपण हळू वाचू, पोरीची दमछाक होईल. दुसऱ्या गावाला त्यांचीच दमछाक व्हायला लागली. थंड हवेत बसून नुसतं वाचणारा माणूस पाणी मागत होता आणि काम करणारी "पुढं सर, पुढं" म्हणत होती.

दर दहा घरांमागं ती के-एस मारून काम जपून ठेवी. वर्ध्याच्या विजेचा काय भरवसा! जपून ठेवलं की रेघ पार वर यादीच्या माथ्यावर जाई. मग क्यू-पी, की रेघ जिथं होती तिथं परत. बंडोपंतांना ही क्यू-पी सगळ्यांत आवडली. कितीही दूर जा, एका खुणेत आपल्या कामावर परत. ते तिसऱ्या गावापासून तिच्या आधी मनातल्या मनात म्हणायला लागले, "केएस... क्यूपी." पाचव्या गावाला ते मोठ्यानं म्हणाले, आणि नलू पडद्यावरची नजर न काढता हसली.

शनिवारी दुपारी बारा ते एक वीज गेली. आली तेव्हा फक्त चार घरं पुन्हा लावावी लागली. संध्याकाळी पाचला चौथं गाव संपलं. ओमप्रकाश जायच्या ऐवजी वर्ध्यालाच राहिला होता. त्याची नोकरीही ह्या यंत्राच्या इज्जतीवर होती बिचाऱ्याची. रविवारी तो आला आणि तासभर तिच्या खुर्चीमागं हाताची घडी घालून उभा राहिला. शेवटी खिशातली वही काढून लिहून घ्यायला लागला.

"मॅडम, ये सब आपको किसने सिखाया?"

"सरांनी," नलू म्हणाली. "हात घरातच ठेव म्हणून."

ओमप्रकाशनं बंडोपंतांकडे वळून हात जोडले. बंडोपंतांनी कागदावरून मान वर केली नाही. पुढचं नाव त्यांना दिसेना. चष्मा पुसून ते पुन्हा वाचायला लागले, तेव्हा त्यांनी एक घर चुकीचं सांगितलं. नलूनं एका खुणेत ते परत आणलं.

रविवारी चार वाजता सातवं गाव संपलं. पाचला प्रिंटर करकरायला लागला. सोमवारी अकराला कडुनिंबाखाली मडकं मांडून चिठ्ठ्या निघाल्या. माणसं आपापल्या गल्लीची पानं बोटानं चाचपून बघत होती. एक म्हातारी आपलं आणि आपल्या जावेचं नाव खालीवर बघून म्हणाली, "इथं बी ही माह्या उरावर हायेच वाटते," आणि समाधानानं तंबाखूची चंची उघडून बसली. एकही तक्रार आली नाही.

बाराला बंडोपंत साहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"साहेब, नारळ मी फोडला. किल्ली तिनं माझ्याजवळ दिली होती. पाणी माझ्या हातून सांडलं अन् मी सांगितलं नाही. शुक्रवारी मी दारातच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही."

कोल्हे साहेब टेबलावरच्या फायलीवर हात ठेवून म्हणाले, "बंडोपंत, माझा अहवाल अजून गेलेला नाही. तोंडी सांगून भागणार नाही. यंत्र सरकारी आहे, कुणाच्या तरी नावावर हे लागणारच. तुम्ही लेखी खुलासा दिलात तर हिचा प्रस्ताव आजच वर पाठवतो. पण तुमच्या सर्व्हिस बुकात शेरा जाईल. पाच महिने राहिलेत तुमचे. विचार करा."

"केला," बंडोपंत म्हणाले. "तीन दिवस तेच केलं."

बाहेर येऊन सवयीनं ते रेमिंग्टनकडे वळले. कागद घातला, बोटं घरात ठेवली, आणि थांबले. मग कागद काढून घेतला, चपला उतरवल्या आणि काचेचं दार ढकललं. नलू मशीनला धुळीचं कव्हर घालत होती. तिनं आपला डबा, तिकिटांचा गठ्ठा, सगळं पिशवीत भरून ठेवलेलं होतं.

"काढ ते कव्हर," बंडोपंत म्हणाले. "मले एक पत्र टाइप कराचं हाये. याच्यावर."

ती गोंधळली, पण तिनं खुर्ची दिली आणि कोरं पान उघडून दिलं. बंडोपंत बसले. डावा हात ए-एस-डी-एफवर, उजवा जे-के-एल अन् सेमीकोलनवर. किया रेमिंग्टनपेक्षा फारच हलक्या होत्या. पहिल्या ओळीच्या शेवटी घंटी वाजली नाही, तरी त्यांचा डावा हात गाडी ढकलायला सवयीनं वर उठला आणि हवेत लोंबकळत राहिला.

"ते आपोआप खालच्या ओळीत जाते सर."

"हं," म्हणून त्यांनी हात परत घरात आणला आणि खाली न बघता टाइप करत गेले. सरकारी इंग्रजीत, चौतीस वर्षांत दुसऱ्यांसाठी हजार वेळा लिहिलेल्या त्याच वाक्यांत. खाली सही करणारा असं नमूद करतो की. नारळ त्यानं स्वतः फोडला. कुमारी भोयर त्या वेळी ऑफिसात हजर नव्हत्या. घडलेल्या प्रकारास तो एकटा जबाबदार आहे.

मागं उभी असलेली नलू वाचत होती. "सर, हे काऊन करून राह्यले? तुमचं बुक कोरं हाये. चौतीस वर्षं... मले दुसरीकडं कुठंबी लागन काम." आणि तिचा हात त्यांच्या खांद्यावरून पुढं आला. करंगळी कंट्रोलवर, दुसरं बोट वायकडे निघालेलं. वाय मारला की ओळ जाते, हे बंडोपंतांना आता ठाऊक होतं. चार वेळा मारलं असतं तर पान पुन्हा कोरं झालं असतं.

त्यांच्याजवळ पट्टी नव्हती. त्यांनी आपल्या दोन बोटांनी तिच्या मनगटावर हळूच टिचकी मारली.

"हात घरातच ठेव," ते म्हणाले. "अन् जपून ठेवून बंद कराचं कोणतं, के-एस का के-डी?"

नलूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. "के-डी," ती म्हणाली.

बंडोपंतांनी करंगळीनं कंट्रोल धरला आणि के-डी मारलं. यंत्र थोडा वेळ गुरगुरलं आणि शांत झालं. मग प्रिंटरला कागद कसा लावायचा ते त्यांनी तिला विचारलं, कारण ते त्यांना येत नव्हतं.